पल्सर १५०ला मागे १३०चा टायर: बसेल का, आणि घरी कसा बसवायचा

प्रश्न थोडक्यात असा: २०१४ची पल्सर १५०, मागे ड्रम ब्रेक. मूळचा १००/९०-१७ टायर (रुंदी १०० मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंची) गुळगुळीत झालाय. नोकरी पिंपरीत, गाव चिपळूणजवळ, आणि पावसाळ्यातही कराडवरून कुंभार्ली घाटाने दोघांचं जाणं-येणं. मित्र म्हणतो, १३०/७०-१७ टाक, ग्रिप दुप्पट होईल आणि मागून गाडी भरलेली दिसेल. पाने घरात आहेत, काम स्वतःच करायचंय. तर बसेल का, चेनला घासेल का, मायलेज किती पडेल?

माझं कराडला गॅरेज आहे, तेवीस वर्षं झाली. हा प्रश्न दर मे महिन्यात, पाऊस तोंडावर आला की, कुणीतरी विचारतंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक, गाडी दिसायला दांडगी हवी. दोन, ओल्या घाटात ती घसरायला नको. पहिल्यासाठी रुंद टायर हे उत्तर आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, मीही एकदा त्याच हौसेने टाकला होता. दुसऱ्यासाठी मात्र रुंदी हे उत्तर नाही. आणि कुंभार्लीचं नाव काढलंत म्हणून मी तुमचा दुसरा प्रश्न खरा धरतो.

सगळं अडतं ते रिमवर. टायर चिमट्यात, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत, मावतो का, हे लोक आधी बघतात. तो रिमवर नीट बसतो का, हे कुणी बघत नाही. चाक ओल्या फडक्याने पुसा आणि अलॉयच्या आरीवर किंवा कडेच्या आतल्या बाजूला कोरलेला आकडा शोधा. १७ म्हणजे व्यास. त्याच्या शेजारी १.८५, २.१५, २.५० असं काहीतरी असेल, बरोबर कदाचित ‘एमटी’ ही अक्षरं. तो दुसरा आकडा म्हणजे रिमची इंचातली रुंदी. टायरच्या बाजारात टायरचं माप सगळे तोंडपाठ सांगतात, पण रिमचं माप विचारणारा दुकानदार मला क्वचितच भेटलाय. १००/९०ला साधारण २.५० इंची रिम आदर्श, २.१५ पर्यंत खाली चालते. १२०/८०ला २.७५ हवी, निदान २.५०. १३०/७०ला मात्र ३.५० इंची रिम लागते, आणि ३.०० च्या खाली तो टाकूच नये.

अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर काय होतं? टायरच्या दोन्ही कडा एकमेकींकडे ओढल्या जातात. पुरणपोळीचा उंडा दोन्ही बाजूंनी दाबला की मध्ये कसा वर येतो, तसा टायर मध्ये उंच आणि टोकदार होतो. गॅरेजमधला ठोकताळा असा की आदर्शापेक्षा रिम अर्धा इंच अरुंद असेल तर टायरची रुंदी ५ मिलिमीटरच्या आसपास घटते. तुमची रिम २.१५ ची निघाली तर १३०चा टायर प्रत्यक्षात ११६-११७ मिलिमीटरचाच राहील. पैसे १३०चे, रुंदी ११६ची, आणि आकार बिघडलेला. त्याच रिमवर १२०/८० साधारण ११४ भरतो. म्हणजे ज्या हौसेसाठी एवढा खटाटोप, ती दोन-तीन मिलिमीटरची.

सरळ रस्त्यावर हा टोकदार टायर मधल्या पट्टीवरच चालतो. ती पट्टी भराभर झिजते आणि बाजूचे खाचे नवेच राहतात. वळणावर गाडी झोपवायला गेलं की आधी ती अडून बसते आणि मग एकदम पडते. माझ्या स्वतःच्या गाडीला २००९ मध्ये १३० टाकला होता. पहिला आठवडा सगळ्यांनी मागून बघून कौतुक केलं. मग मेहुण्याला मागे बसवून पाटणकडे निघालो, पहिल्याच गतिरोधकावर मागून ‘खर्रर्र’ असा आवाज आला. मडगार्डच्या आत टायरने चांगली चंद्रकोर कोरली होती. सहा महिन्यांत मधली नक्षी संपली, तेव्हा काढून टाकला. तेव्हापासून गिऱ्हाइकाला आधी रिम दाखवतो, मग टायर.

आता ग्रिप दुप्पट होण्याचं. मागच्या चाकावर दोघांचं मिळून समजा १३० किलो वजन येतंय आणि टायरमध्ये ३२ पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. भागाकार करा: रस्त्याला टेकलेला भाग ५८ चौरस सेंटिमीटर येतो, बोटं सोडून तळहाताएवढा. टायर १०० असो वा १३०, हवा तीच आणि वजन तेच, तर हा तळहात फारसा मोठा होत नाही. फक्त त्याचा आकार बदलतो, लांबट होता तो आडवा होतो. टायरच्या भिंतीच्या कडकपणामुळे थोडं इकडेतिकडे होतं, पण दुप्पट वगैरे काही नाही. उलट ओल्या रस्त्यावर अरुंद पट्टी पाणी लवकर बाजूला सारते. पावसात पकड ठरते ती रबराच्या मऊपणावर, नक्षीच्या खोलीवर, टायरच्या वयावर आणि हवेवर. चार वर्षं दुकानात पडलेला १३०चा टायर आणि ताजा, मऊ रबराचा १००/९०, यातला कुठला लावून मी ओल्या कुंभार्लीत उतरेन, हे विचारायलाच नको.

वय ओळखणं सोपं. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात उभं राहून वाचा, लाजू नका. तिथेच मापाशेजारी ५५पी, ६१पी असं लिहिलेलं असतं. ५५ म्हणजे हा टायर २१८ किलो पेलतो, ६१ म्हणजे २५७. पी म्हणजे १५० किलोमीटर वेगापर्यंत चालतो. मूळ टायरवर जे असेल त्याच्या खालचं घेऊ नका, वरचं चालेल.

मग तुम्ही काय घ्यावं? रिम २.१५ असेल तर १००/९० च, पण चांगल्या मऊ रबराचा. रिम २.५० असेल तर १२०/८०-१७ चा विचार करता येईल, जागा मोजून. १३० तुमच्या गाडीला मी बसवून देणार नाही; रिम बदलायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी, पण मग चिमटा, चेनची रेघ, सगळंच उघडावं लागतं. हेही लक्षात घ्या की २०१८ मध्ये याच पल्सर १५०चं ट्विन डिस्क मॉडेल मागे १२०/८०-१७ घेऊन आलं, तेव्हा त्याचा पुढचा टायरही ९०/९०-१७ केला होता आणि व्हीलबेसही (दोन्ही चाकांमधलं अंतर) वाढवला होता. कंपनीसुद्धा नुसता मागचा टायर जाड करून थांबली नाही.

१२०/८० टाकलात तर फरक किती? आकडे मांडून बघू. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. १००/९०ची भिंत ९० मिलिमीटर, दोन्ही बाजू धरून पूर्ण चाक ६११.८. १२०/८०ची भिंत ९६, चाक ६२३.८. घेर २ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे गिअर तेवढेच लांब होतात, चढाला गाडी किंचित आळसावते. स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर पुढच्या चाकाला असेल तर तिथे काहीच बदल नाही. मायलेज माझ्या गिऱ्हाइकांच्या अनुभवात लिटरला दोन-तीन किलोमीटरने पडतं. हे चालवणाऱ्यावरही आहे, त्यामुळे तुमचा आकडा मी छातीठोक सांगणार नाही.

जागा मोजताना चाक अजून गाडीवरच असू द्या. टायर आणि चेन यांच्यातलं अंतर, टायर आणि चिमट्याच्या दोन्ही बाजू, आणि पुढे चिमट्याच्या आडव्या दांडीपाशी. नवा टायर प्रत्येक बाजूला आठ-नऊ मिलिमीटर सरकणार असं धरा आणि तरीही पाच-सहा मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. उभ्या गाडीत चेन घासत नाही म्हणून खूश होऊ नका. ढिली चेन खड्ड्यात आडवी फटके मारते. एकदा पावसाळ्यात एक गाडी आली होती, टायर दुसरीकडे बसवलेला. चेनने टायरच्या भिंतीत करवतीने कापल्यासारखी खाच पाडली होती, आतले धागे दिसत होते. त्या टायरवर तो माणूस बायको-मुलाला घेऊन आला होता.

मडगार्डसाठी माझी युक्ती घरगुती आहे. कणकेचे सुपारीएवढे दोन-तीन गोळे मडगार्डच्या आत, टायरच्या बरोब्बर वर चिकटवा. दोघं गाडीवर बसा, हळूच एक गतिरोधक ओलांडा, उतरा आणि गोळा किती चेपला ते बघा. आत्ताच्या टायरवर जेवढी जागा उरते, त्यातून नव्या टायरचे सहा मिलिमीटर वजा करा. उरलेलं बोटभरही नसेल तर विषय संपला.

आता घरच्या कामाकडे. हे काम दोन भागांत बघा: चाक काढणं-घालणं, आणि रिमवरून टायर उतरवणं-चढवणं. पहिला भाग तुम्ही नक्की करा, मजा आहे त्यात. दुसऱ्याबद्दल पुढे बोलतो.

एक्सलचा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा, स्टँडवर लावून पाना ओढाल तर गाडी आडवी व्हायची. मग मेन स्टँड. चिमट्यावरच्या चेन ॲडजस्टरच्या खुणा डावी-उजवीकडे किती आहेत ते मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. ब्रेकच्या सळईचा नट काढा, मग ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी टॉर्क रॉड सोडवा. एक्सल ओढताना कुठली कॉलर कुठल्या बाजूची, हे जमिनीवर त्याच क्रमाने मांडून ठेवा. काही गाड्यांत स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) चेनसकट जागेवर राहतं, काहींत चेन उतरवावी लागते. चाक हातात आलं की हबमधले रबर दाबून बघा. कडक किंवा ढिले झाले असतील तर आत्ताच बदला, चेनचे झटके तिथूनच येतात. बेअरिंग बोटाने फिरवा, खरखर लागता कामा नये. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ट्यूबलेस टायरची कडा रिमला घट्ट चिकटलेली असते. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. चाक आडवं ठेवून दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टायरच्या कडेवर टेकवा आणि ती गाडी त्यावर झुकवा, कडा सुटते. रिमवर ठेवू नका, ओरखडा पडेल किंवा अलॉयला तडा जाईल. जुना प्लॅस्टिकचा डबा कापून त्याच्या पट्ट्या टॉमीखाली (टायर उचकटायच्या चपट्या दांडीखाली) घातल्या तर रंग वाचतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे न कळल्यामुळे लोक घामाघूम होतात. टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती ताणत नाही. ती रिमवरून बाहेर येते ती फक्त एकाच कारणाने: रिमच्या मध्यभागी खोलगट भाग असतो. तुम्ही इकडे टॉमी लावताय तेव्हा समोरची बाजू गुडघ्याने दाबून त्या खोलगट भागात गेलेली हवी. मग इकडे आपोआप ढील मिळते. जोर लागतोय असं वाटलं तर थांबा, समोरची बाजू वर आलेली आहे. तिथे आणखी जोर लावलात तर तार तुटते किंवा कडा फाटते, आणि नवा टायर तिथेच भंगार होतो. कडेला साबणाचं पाणी लावा. डिझेल, ऑइल, ग्रीस काहीही नको, रबर खराब होतं. नवा टायर आधी तासभर उन्हात ठेवला तर निम्मं काम सोपं.

चढवताना भिंतीवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, ते दोनदा बघा. टायरवर रंगीत ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ आणा. जुना रबरी व्हॉल्व्ह बदलून टाका. किरकोळ किमतीच्या त्या तुकड्यापायी मध्येच पंक्चर शोधत बसण्यात अर्थ नाही.

आता घरी खरी अडचण येते ती इथे. पायपंपाने ट्यूबलेस टायर फुगत नाही. कडा रिमला लागलेली नसते, तुम्ही भरता ती हवा बाजूने निघून जाते. झटक्यात भरपूर हवा सोडणारा कॉम्प्रेसर हवा. टायरभोवती सामान बांधायचा पट्टा आवळून, पिन काढलेली ठेवून हवा सोडली तर कडा बाहेर ढकलल्या जातात, ‘टक्, टक्’ असे दोन आवाज आले की बसली. ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. तेवढ्यात नाही बसली तर हवा सोडा, पुन्हा साबण लावा, पुन्हा करा. हवा भरताना तोंड आणि बोटं चाकापासून लांब. मोबाइलवरच्या व्हिडिओत पेट्रोल ओतून काडी लावतात, ते करायचं नाही. मग पिन घालून हवा बरोबर करा: मागे एकट्याला २८, दोघांना ३२. रिमलगत टायरवर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

म्हणून माझा सल्ला असा की चाक घरी काढा, टायर आणि चाक रिक्षात घालून ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे न्या, तिथे उभं राहून चढवून घ्या आणि परत येऊन स्वतः बसवा. माझ्याकडे सुटं चाक आणणाऱ्याला मी दीडशे रुपये घेतो. टॉमीचा सेट आणि फाटलेला टायर यापेक्षा स्वस्त पडतं, आणि स्वतः केल्याचं समाधान तरी जात नाही.

चाक परत घालताना चिमट्यावरच्या खुणांवर पूर्ण विश्वास ठेवू नका. चिमट्याच्या पुढच्या बोल्टपासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळीने मोजा, सारखं आलं पाहिजे. चेनचा ढिलेपणा गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा. चाक फिरवत चार जागी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात ताठ लागते तिथे माप धरा. रुंद टायर असेल तर चेन ढिली सोडण्याची चैन तुम्हाला नाही.

टॉर्क रॉडचा नट घट्ट करा आणि त्यात नवी फाटापिन (नट सुटू नये म्हणून टोकं फाकवून घालायची पिन) घाला, जुनीच वाकवून घालू नका. इथे मी गिऱ्हाइकावर ओरडतो. ती रॉड सुटली तर ब्रेक दाबताच ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरते, सळई गुंडाळली जाते आणि चाक जाम होतं. चाकाचं काम घरी केलेल्या दोन गाड्या मी अशा पाहिल्यात. एक्सल घट्ट केल्यावर ब्रेकच्या पायदानाचा मोकळा खेळ पुन्हा जुळवा, ब्रेक लाइट पेटतो ना ते बघा.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत बदल करण्याबद्दल आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. टायरवरून रस्त्यात कुणाला अडवलेलं मी पाहिलेलं नाही. पण अपघातानंतर विम्याचा सर्वेअर टायरचं माप लिहून घेतो, हे पाहिलंय. १३०च्या विरोधात हेही एक कारण धरा.

आणि पुढचा टायर? त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, कुणीच लिहीत नाही. ओल्या घाटात उतरताना ब्रेक दाबला की सगळं वजन पुढे जातं. मागचा घसरला तर शेपूट हलते, बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचा घसरला की माणूस कळायच्या आत जमिनीवर. २०१४च्या गाडीचा पुढचा टायर मूळचाच असेल तर नक्षी कितीही दिसत असली तरी रबर दगड झालेलं आहे. नखाने दाबून बघा. खर्च मर्यादित असेल तर १२०/८०ची हौस सोडा, मागे १००/९० घ्या आणि वाचलेल्या पैशांत पुढचा बदला.

नव्या टायरवर पहिले दीडशे किलोमीटर जपून चालवा, वरचा थर गुळगुळीत असतो, त्यात पाऊस असेल तर आणखीच. घाटात जायच्या आधी एकदा दोघं बसून गावातच चक्कर मारा, मग उतरून टायरच्या दोन्ही भिंतींवरून आणि मडगार्डच्या आतून बोट फिरवा. कुठे चकाकी किंवा रबराचा काळा भुगा लागला तर मला रिमचा आकडा आणि फोटो पाठवा, मग पुढचं बघू.